ओल तशीच, फवारा मात्र दरवर्षी

मे संपत आला की गृहनिर्माण सोसायट्यांच्या सूचनाफलकावर एक कागद हमखास लागतो. पावसाळ्यात गोमी घरात शिरतात, त्या अतिशय विषारी असतात, झोपलेल्या मुलांच्या कानात जातात, तेव्हा पाऊस लागण्याआधी इमारतीभोवती आणि प्रत्येक घरात औषध मारून घ्यावं, घरटी अमुक रुपये जमा करावेत. कोकणातल्या वाड्यांवरही हे लोण आता पोचलं आहे. पाठीवर टाकी घेतलेला माणूस येतो, जोत्याच्या कडेकडेने फवारा मारतो, मोरीत दोनदा नळी धरतो आणि वर्षभराच्या कराराचा कागद पुढे करतो. सूचनाफलकावरच्या त्या कागदातलं जवळपास प्रत्येक विधान चुकीचं किंवा अर्धवट आहे, आणि त्यावर उभा केलेला उपाय तर गोमेपर्यंत पोचतच नाही. नुसते पैसे वाया जात असते तर मी लिहायला बसलो नसतो. या गैरसमजापायी माणसं जिवाला मुकू शकतात, म्हणून लिहितो आहे.

आधी कानाचं बघू. कानात गेलेली गोम मेंदूपर्यंत जाऊन मेंदू खाते, हे आपण आजीकडून ऐकलं आणि तपासायचं राहून गेलं. मोठ्या माणसाच्या कानाची बाहेरची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असते आणि पडद्यापाशी संपते. पडद्यामागे मधला कान, त्यामागे कवटीचं हाड. मेंदूकडे जाणारी उघडी वाट तिथे नाही. झोपलेल्या माणसाच्या कानात जिवंत किडा शिरण्याचे प्रकार होतात, हे खरं. पण असे रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांकडे झुरळं वारंवार निघतात, गोम क्वचित. शिरलीच तर वेदना भयंकर होतात, त्यामुळे घरातले लोक काडी, पिन, केसांचा चिमटा जे हाताला लागेल ते कानात घालतात. पडदा फाटतो तो बहुतेक वेळा या घाईने. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचं, आणि तोवर कानात काहीही खुपसायचं नाही.

दुसरी समजूत पायांची. गोम अंगावर चढली की सगळे पाय कातडीत रोवते, मग ती ओढून निघत नाही, म्हणून तिच्यावर साखर टाका किंवा तापवलेली पळी लावा, असं कुणीतरी सांगतंच. गोमेच्या पायांना टोकाशी बारीक नख्या असतात, त्या कातडीला टोचतात, त्याने लालसर ओरखडे उठू शकतात. रोवून बसणं मात्र होत नाही. तापल्या पळीने माणसाचं अंग भाजतं आणि दाबली गेलेली गोम चावते. अंगावर गोम दिसली तर कपड्याने किंवा वर्तमानपत्राच्या घडीने एका फटक्यात झटकून टाकावी, एवढंच करायचं असतं.

आणि शेपटीचा डंख? तोही नाही. गोमेच्या पायांची शेवटची जोडी लांब आणि आकड्यासारखी असते. भक्ष्य पकडायला आणि शत्रूला दाखवायला ती कामाला येते. विष असतं ते दुसऱ्या टोकाला. डोक्याच्या अगदी मागे, खालच्या अंगाला, पायांची पहिली जोडी वाकून तिचे विषारी आकडे झाले आहेत. म्हणजे गोम दातांनी चावत नाही आणि शेपटीने डसत नाही, पायांनी टोचते. प्राण्यांच्या जगात ही जवळपास एकमेव तऱ्हा आहे. शेपटीकडून धोका आहे असं समजून माणूस तिला डोक्याच्या बाजूने उचलायला जातो आणि नेमका तिथेच फसतो.

ज्यांच्यासाठी एवढं विष मारलं जातं ते प्राणी तरी कोणते, हेही फलक लावणाऱ्यांनी नीट पाहिलेलं नसतं. पहिल्या पावसानंतर जिन्यात, व्हरांड्यात, अंगणात शेकड्यांनी दिसतात त्या बहुतेक गोमी नव्हेतच. त्या वाणी. गोल अंगाच्या, संथ चालणाऱ्या, शरीराच्या बहुतेक खंडांना पायांच्या दोन-दोन जोड्या असलेल्या, आणि हात लावला की पैशासारख्या वळणाऱ्या. वाणी कुजका पाला खाते. तिच्याकडे विषारी आकडेच नाहीत. फार तर अंगातून पिवळसर रस सोडते, तो डोळ्यांत गेला तर झोंबतो, हात धुतले की काम झालं. घाऊक फवारणीतला मोठा हिस्सा या निरुपद्रवी जिवावर खर्च होतो.

गोम चपटी असते, चपळ असते, आणि तिच्या प्रत्येक खंडाला पायांची एकच जोडी. कोकणात जिला घोण म्हणतात ती मोठी गोम स्कोलोपेंड्रा वंशातली. तिच्या पायांच्या बहुधा 21 जोड्या असतात, अंग वीतभरापर्यंत जाऊ शकतं, आणि डोकं नि पाय वेगळ्या रंगाचे असले की ती उठून दिसते. या वंशातली मॉर्सिटान्स ही जात लिनीयसने 1758 मध्येच नोंदवली होती. चावते ती ही. शहरातल्या न्हाणीघरात जाळीतून वर येते ती बहुतेकदा वेगळीच असते: दोऱ्यासारखी बारीक, तांबूस, पायांच्या कितीतरी जास्त जोड्या असलेली, मातीत राहणारी आंधळी गोम. तिचे आकडे आपल्या कातडीतून पुरते आत जातही नाहीत. यांतली एक जात अंगातून चमकणारा रस सोडते. पावसाळ्यात रात्री दिवा न लावता न्हाणीत गेलं आणि पाय घसटला, तर फरशीवर हिरवट उजेडाची एक रेघ उमटते, काही क्षण तशीच राहते आणि विझते. मी ती वाकून पाहिली आहे. बोटाला लागलेला रसही चमकत होता, आणि बोटाला काही झालं नाही. बायकामुलांना दचकवणाऱ्या या जिवाने कुणाचा जीव घेतल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही.

मोठ्या घोणीचं मात्र तसं म्हणता येत नाही, आणि इथे मला निसर्गप्रेमी मंडळींशीही भांडायचं आहे. “गोम निरुपद्रवी आहे, तिला राहू द्या” हा त्यांचा सल्ला ज्या घरात जमिनीवर अंथरुणं पडतात आणि तान्हं मूल रांगतं त्या घरात देणं बेजबाबदारपणाचं आहे. घोणीचा दंश अतिशय दुखतो. शेजारीशेजारी दोन बारीक छिद्रं, लगेच आग, सूज, लाली, कधी काखेत किंवा जांघेत गाठ, कधी मळमळ. बहुतेकांचं दुखणं काही तासांत ते एक-दोन दिवसांत ओसरतं. मृत्यू अत्यंत दुर्मीळ. वैद्यकीय लिखाणात वारंवार उल्लेख येतो तो फिलिपाइन्समधल्या एका सात वर्षांच्या मुलाचा, ज्याच्या डोक्याला दंश झाला होता. तेव्हा मोठी घोण घरात दिसली तर ती घराबाहेर गेलीच पाहिजे, आणि बाहेर काढणं जमत नसेल तर मारली तरी मी दोष देणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की एक घोण काढण्यासाठी चिमटा आणि बरणी पुरते. त्यासाठी सबंध घराच्या भिंतींना विष फासायचं काही कारण नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो.

पावसाळ्याची रात्र, जमिनीवर अंथरूण, झोपेत काहीतरी चावल्यासारखं वाटून माणूस उठतो. दिवा लावला तर काही दिसत नाही. हातावर असलाच तर एखादा ठिपका, सूज नाही, फारसं दुखतही नाही. घरातलं कुणीतरी म्हणतं, “गोम चावली असेल, झोप.” हे वाक्य मी कोकणात आणि देशावर इतक्या तोंडांतून ऐकलं आहे की त्याची आता धास्ती वाटते. कारण जे दुखत नाही, सुजत नाही आणि रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतं, ते गोमेचं लक्षण नाही, मण्याराचं आहे. मण्यार रात्री फिरतो, भक्ष्य शोधत घरात येतो, त्याचे दात बारीक, दंश पुष्कळदा कळतही नाही. पुढे काही तासांत पोटात दुखू लागतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, थुंकी गिळवत नाही, आवाज बदलतो, आणि मग श्वास. या सगळ्यात पहाट होते. दवाखान्यात प्रतिविष असतं, कृत्रिम श्वास देण्याची सोय जवळच्या मोठ्या रुग्णालयात असते, पण माणूस तिथे पोचायला हवा. गोमेला आपण एवढं भयंकर ठरवून ठेवलं आहे की अंधारातला प्रत्येक दंश तिच्या नावावर जमा होतो, आणि खरा गुन्हेगार सुटतो. म्हणून प्रत्येक घरात एवढं तरी पक्कं माहीत असावं: गोम चावली तर माणूस किंचाळून उठतो आणि जागेवर आग होते. चावलं, पण दुखत नाही, आणि काय चावलं ते पाहिलं नाही, तर तो सर्पदंश समजून त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. अर्थात आग झाली म्हणून साप नव्हताच असंही समजू नये. नाग, घोणस, फुरसं यांचे दंश दुखतातही आणि सुजतातही. चावणारी गोम डोळ्यांनी पाहिली असेल तरच गोम म्हणायचं.

भीती काही वेळा खरी असते, आणि मग तिच्यावर नेमकं काम करावं लागतं. कोकणातल्या लाल विंचवाची भीती खरी होती. त्याच्या दंशाने मुलं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी असे रुग्ण उशाशी बसून पाहिले, हृदयावर काय होतं ते नोंदवलं, 1980 च्या दशकात प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध त्यावर वापरून दाखवलं आणि मृत्यूंचं प्रमाण खाली आणलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या विंचवाच्या जोडीला गोमेला बसवून दोघांसाठी एकच फवारा विकणं ही त्या अभ्यासाशी प्रतारणा आहे.

गोमेच्या दंशावर वेगळं प्रतिविष लागत नाही. जागा साबणाने धुवायची, अंगठी-बांगडी सूज चढण्याआधी काढायची, आणि दुखणं कमी करायचं. तैवानमध्ये बर्फाची पिशवी, गरम पाणी आणि वेदनाशामक इंजेक्शन यांची तुलना झाली, 2009 मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिन्हींनी दुखणं उतरलं. बर्फ कापडात गुंडाळून लावणं घरात सगळ्यांत सोपं आणि बिनधोक. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर ते घ्यावं. चेहरा सुजला, दम लागला, अंगावर गांधी उठल्या, किंवा दंश लहान मुलाला झाला असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. चुना, तंबाखू, ब्लेडने चिरा देणं यांनी जखम चिघळते, दुसरं काही होत नाही.

आता त्या फवाऱ्याकडे. टाकीत बहुतेक वेळा सायपरमेथ्रीन किंवा डेल्टामेथ्रीनसारखं सिंथेटिक पायरेथ्रॉइड असतं. हे औषध पृष्ठभागावर पातळ थर धरून बसतं आणि त्यावरून चालणाऱ्या किड्याच्या मज्जासंस्थेवर काम करतं. कोरड्या, गुळगुळीत भिंतीवरच्या झुरळासाठी ते ठीक आहे. जोत्याच्या कडेची ओली माती, पाला, शेवाळ यांना हे औषध घट्ट चिकटून बसतं आणि निकामी होतं. उन्हात त्याचं विघटन होतं. त्यावर कोकणातला पाऊस. जूनच्या सुरुवातीला मारलेला बाहेरचा थर जुलैपर्यंत टिकेल, हे मला कुणीही समोर येऊन पटवून द्यावं. गोम दिवसभर असते ती दगडाखाली, जांभ्याच्या फटीत, लाकडाच्या साठ्यात, ड्रेनेजच्या चेंबरच्या कडेला. तिथे फवारा जात नाही. थोडासा गेलाच तर औषधाने डिवचलेले किडे लपण्याची जागा सोडून बाहेर पडतात, म्हणून फवारणीच्या रात्री घरात नेहमीपेक्षा जास्त झुरळं आणि गोमी दिसतात. फवारणीवाला तेच दाखवून म्हणतो, बघा किती होत्या.

एवढ्यात रांगणारं मूल त्याच फरशीवर हात टेकून तोच हात तोंडात घालतं. मांजर पंजे चाटतं. पायरेथ्रॉइडं मांजरांना आणि माशांना विशेष घातक आहेत; मोरीत ओतलेलं शेवटी ओढ्यात जातं. आपल्याकडे 1968 चा कीटकनाशक कायदा आहे, 1971 चे नियम आहेत, व्यावसायिक फवारणी करणाऱ्याला परवाना लागतो, आणि प्रत्येक डब्यावर विषारीपणाचा रंग छापलेला असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. तुमच्या घरात आलेल्या टाकीत कुठल्या रंगाच्या डब्यातलं औषध होतं, हे कधी विचारलंत? पुष्कळदा औषध आधीच पाण्यात मिसळून आणलेलं असतं आणि डबा दिसतच नाही. शेतीच्या दुकानातली बाटली घरात ओतली जाते, ती अशाच न विचारण्यामुळे.

फवारा नको म्हणणारे काही जण घरगुती जालीम उपायांकडे वळतात, ते त्याहून वाईट. मोरीत रॉकेल ओतणं हा आगीशी खेळ आहे. आणि गोम दिसली म्हणून जाळीत ब्लीचिंग पावडर टाकून वर संडास साफ करायचं ॲसिड ओतणारी माणसं आहेत. या दोघांतून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो गोमेआधी माणसाला गाठेल.

हे सगळं टाळता येतं, कारण गोमेचं एक वर्म आहे. किड्यांच्या अंगावर पाणी धरून ठेवणारा मेणासारखा थर असतो, तो तिच्याकडे जवळजवळ नाही. कोरड्या जागी ती झपाट्याने सुकते. म्हणून ती रात्री निघते, म्हणून ओल शोधते, आणि पावसाने तिचं बीळ भरलं की कोरड्या-ओल्याच्या सीमेवर, म्हणजे आपल्या उंबऱ्याशी येते. एक-दोन मारून काही साधत नाही. गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही, असं आपल्याकडे म्हणतात, आणि मोडलेला पाय पुढे कात टाकताना तिला परत फुटतोही. तिची ओल आणि तिचं खाणं काढून घेतलं, तर ती आपणहून जाते.

ओल काढायची म्हणजे नेमकं काय? भिंतीला टेकवून रचलेला लाकूडफाटा, कौलं, विटा हातभर तरी लांब न्यायच्या आणि खाली दगड देऊन जमिनीपासून उचलायच्या. पन्हळीचं पाणी जोत्यावर पडत असेल तर ते वळवायचं. जांभ्याच्या भिंतीतल्या फटी पावसाआधी भरून घ्यायच्या. दाराखाली दिव्याचा उजेड बाहेर दिसत असेल तर तेवढ्या फटीतून घोणही येते. तिथे रबरी पट्टी लावायची. शहरात न्हाणीच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये पाणी राहतं का ते पाहायचं. वापरात नसलेल्या न्हाणीतला ट्रॅप सुकतो आणि चेंबरची वाट मोकळी होते, तिथे आठवड्याला तांब्याभर पाणी ओतलं तरी पुरे. बारीक जाळी बसवायची. तळमजल्याला डक्टमधला गळका पाइप दुरुस्त केल्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ आहे. कुंड्या खोलीत असतील तर त्यांच्याखालच्या थाळ्या रोज ओतायच्या. झुरळं कमी झाली तर गोमेला यायचं कारणच कमी होतं, आणि झुरळांसाठी ओट्याच्या कोपऱ्यात जेलचे ठिपके लावणं घरभर फवाऱ्यापेक्षा किती तरी नेमकं. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचावी. डास, गोम आणि मण्यार तिघांनाही ती अडवते, आणि एका फवारणीच्या खर्चात कित्येक घरांत ती येते.

उरलेल्या गोमींना बागेत राहू द्यावं, असं मी घराबाहेरच्या गोमीबद्दल म्हणतो, आणि मनापासून म्हणतो. ती झुरळं, वाळवी, कोळी, नाकतोडे खाते. घोणीची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून दिवसेंदिवस बसते, बुरशी चढू नये म्हणून ती चाटून साफ ठेवते, पिल्लं निघाल्यावरही काही काळ त्यांना सोडत नाही. दगड उलटताना हे एकदा पाहिलं की तो दगड हळूच परत ठेवावासा वाटतो. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या जाह्नवी जोशी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रवीण कारंत यांनी दक्षिण भारतातल्या गोमींच्या डीएनएचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतल्या काही कुळांचे फाटे दख्खनचा लाव्हा वाहत होता त्या सुमाराचे निघतात. सह्याद्रीच्या पाल्याखाली एवढा जुना प्राणी जगतो आहे आणि आपण त्याला फक्त ‘किडे’ या सदरात घालून करार करतो.

करार करायचाच असेल, तर सोसायटीच्या कमिटीने आणि ग्रामपंचायतीने फवारणीवाल्याला सहीआधी चार गोष्टी लेखी मागाव्यात: परवान्याची प्रत, औषधाचं नाव आणि डब्यावरचा रंग, नेमका कोणता प्राणी मारायचा आहे, आणि पावसात धुऊन गेल्यावर ते काम कसं करणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर तो पैसा आधी तळमजल्याच्या गळक्या पाइपावर आणि चेंबरच्या फुटक्या झाकणावर घालावा, आणि उरला तर दाराखालच्या पट्ट्यांवर.